घंटेखालचा हातोडा

रोममध्ये दुपारचे बारा कधी एकदाच वाजत नाहीत. कोपऱ्यावरच्या चर्चचा घंटावाला उतावळा, चौकातला आळशी, आणि नदीकडच्या मठाला तर कसलीच घाई नाही. बाकीचे लोक या गोंधळाला वैतागत. ओर्तेन्सिया कानेपारी मात्र तिघांनाही मनातल्या मनात दुवा देई, कारण त्यांच्यामुळेच तिला हातोडा चालवायला पुरेसा वेळ मिळे.

तिचा बाप सेत्तीमिओ तांब्यावर पुतळे कोरत असे. मातीखालून निघालेले जुने ग्रीक आणि रोमन देव आधी कुणाच्या तरी चित्रात उतरत, मग सेत्तीमिओच्या कोरणीने तांब्याच्या पत्र्यावर, आणि छापून झाले की परदेशी पाहुण्यांच्या पेट्यांतून दूरदूरच्या दिवाणखान्यांत जात. कोरणी धरावी ती सेत्तीमिओनेच. केसासारखी निघालेली रेघ दंडाच्या गोलाईवर तो अशी फुगवत नेई, की शाई काळी असूनही दगड पांढराशुभ्र दिसे. जीभही कोरणीइतकीच धारदार. छापताना उजव्याचं डावं होतं, म्हणून चित्र आरशात बघून कोरायचं आणि खालची अक्षरं उलटी काढायची, हा या धंद्यातला पहिला धडा. तो विसरून कुणी सुलटी अक्षरं कोरली, की सेत्तीमिओ गल्लीभर त्याची धिंड काढी.

पुढे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. रेघा ठेचकाळू लागल्या.

"हल्ली ऊनच फिकं पडतंय," तो म्हणे.

"हो ना बाबा," ओर्तेन्सिया म्हणे.

तांब्यावरची चुकलेली रेघ घालवायची तर आधी ती खरवडावी लागते. मग तिथे पडलेला खळगा वर यावा म्हणून पत्रा ऐरणीवर पालथा घालून पाठीमागून ठोकावा लागतो. खरवडणं चोरून होतं, ठोकणं होत नाही. म्हणून ओर्तेन्सिया पत्रा घेऊन खालच्या खोलीत बसे. पहिल्या चर्चची घंटा पडली की ठोके सुरू, मठाची शेवटची घंटा विरेपर्यंत. मग ती रेघ पुन्हा कोरी, बापाच्याच वळणाने, तो जिथे फुगवी तिथेच फुगवून. पत्र्याच्या कोपऱ्यात नाव जाई सेत्तीमिओचं. तिला त्याचं काहीच वाटत नसे असं नाही, चांगलंच सलत असे. पण आपला हात गेला हे बापाला कळलं तर तो त्याच दिवशी खाट धरील, या भीतीपुढे नावाची काय कथा!

एका वर्षी ईस्टरच्या तोंडावर पुस्तकवाले आन्सेल्मोराव, रोमच्या बोलीत सोर आन्सेल्मो, जिना चढून आले. त्यांना हसणाऱ्या फाऊनचा, म्हणजे बोकडाच्या कानांच्या रानदेवाचा पत्रा हवा होता.

"ईस्टर झाला की पाहुणे गाशा गुंडाळतात, सोर सेत्तीमिओ. शनिवारी सकाळी छापखान्यात पाहिजे."

"मिळेल. आणि इथे धापा टाकू नका, तांब्यावर वाफ धरते."

गुड फ्रायडेच्या सकाळी बापाने पत्रा लेकीच्या हाती दिला. "झाला. आता तूच काय ते बघ."

फाऊन हसत नव्हता. एक रेघ नाकपुडीपाशी सुटून गालभर घसरली होती आणि तो बिचारा दाढदुखीने कळवळत होता. ओर्तेन्सियाने खाली जाऊन गाल खरवडला, पत्रा पालथा घातला आणि हातोडा घेऊन बाराची वाट बघत बसली. बसल्या बसल्या तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घंटा वाजणारच नव्हत्या. प्रभूच्या दुखवट्यात गुरुवारपासून शनिवारपर्यंत अख्ख्या रोमच्या घंटा मुक्या असतात. सकाळी उपासाचे हरभरे भिजत घालणाऱ्या बाईला एवढं सुचू नये! तिने हातोड्याला फडकं गुंडाळून पाहिलं, पण त्याने तांबं हलेना. गल्लीत सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती.

जिन्यावर पावलं वाजली. भिंत चाचपत सेत्तीमिओ खाली आला.

"मार की."

"काय, बाबा?"

"हातोडा. घंटा नाहीत म्हणून हात आखडला होय? गाल बिघडलाय ना? कोरणी सुटली की हाताला कळतं, पोरी. त्याला डोळे लागत नाहीत."

ओर्तेन्सियाने हातोडा मांडीवर ठेवला. "कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या ठोक्यापासून. जन्म गेला माझा तांबं ठोकण्यात. दहा घंटांखाली दडवलंस तरी ऐकू येईल मला."

"मग बोलला का नाहीत?"

तो ऐरणीपाशी खाली बसला. "बोललो असतो तर कोरणी खाली ठेवावी लागली असती. भीती वाटली गं."

तिला रडू कोसळलं.

"पत्र्यावर नको," सेत्तीमिओ म्हणाला, "मिठाने तांबं हिरवं पडतं. मार आता."

मग त्या मुक्या शहरात तिने उघड उघड हातोडा मारला. समोरच्या खिडकीतून सोरा नुन्झियाता कडाडली, "अगं पाखंड्यांनो! आज का खिळे ठोकायचा दिवस आहे?"

"खिळे नाहीत गं बाई," सेत्तीमिओ ओरडला, "गाल सुजलाय एकाचा, तो उतरवतोय!"

संध्याकाळपर्यंत फाऊन पुन्हा हसू लागला. "नावाची जागा कोरी आहे ना? ती मी कोरतो," बाप म्हणाला. "अक्षरं बोटांना पाठ आहेत." हरभरे शिजवून ती परत आली, तोवर त्याने पत्रा फडक्यात बांधूनही ठेवला होता.

शनिवारी छापखान्यात पहिला कागद निघाला तेव्हा साऱ्या घंटा एकदम सुटल्या होत्या. फाऊन असा हसत होता की यंत्र ओढणारा गडीही हसला. सोर आन्सेल्मो मात्र कागदाच्या कोपऱ्यावर वाकले.

"हे काय? सगळी अक्षरं उलटी! सेत्तीमिओने सुलटी कोरली? त्याने?" त्यांनी आरसा मागवून धरला. आरशात वळणदार अक्षरं उभी राहिली, 'ओर्तेन्सिया कानेपारीने कोरलं.'

ओर्तेन्सियाने पत्र्यावरची शाई पुसली. तांब्यावर तिचं नाव सरळ वाचता येत होतं, आरशाशिवाय. म्हातारा धडा विसरला होता, की नाव आधी लेकीला वाचता यावं म्हणून त्याने तसं कोरलं होतं, कोण जाणे. तिने अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"डोळ्यांबरोबर डोकंही गेलं त्याचं," सोर आन्सेल्मो हसत म्हणाले. "बाकी नाव तुझं राहू दे, माझी ना नाही. पण खरवड, ठोक, नीट कोर. तो बघ हातोडा."

"नको."

"अगं, लोकांना वाचता येणार नाही!"

"ज्याला वाचायचंय तो आरसा धरील," ओर्तेन्सिया म्हणाली. "बाबांच्या पुष्कळ रेघा खोडल्यात मी, सोर आन्सेल्मो. ही नाही खोडणार."