दुकानाच्या मोजणीत न आलेले खेळाडू

श्रीमती कुसुमताई पटले यांची आणि माझी पहिली ओळख शेताच्या एका धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कुजबुजत्या भांडणाने झाली. कुजबुजत्या, कारण समोरच्या बांधीत, धानाच्या खाचरात, सारसांची जोडी उभी होती. आमच्या गोंदिया जिल्ह्यात दरवर्षी सारसांची मोजणी होते. तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, धानाच्या बांध्या अशा ठिकठिकाणी माणसे एकाच सकाळी, उजाडायच्या आत जाऊन बसतात. एकाच वेळी अशासाठी, की इथून उडालेला पक्षी तिकडे पुन्हा मोजला जाऊ नये. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायचो आणि आमच्या भागाची मोजणी माझ्याकडे असे. मॅडम संगणकाच्या शिक्षिका म्हणून नुकत्याच रुजू झाल्या होत्या आणि हौसेने आल्या होत्या. आल्या खऱ्या, पण बसेनात. जरा वेळ झाला की उठायच्या, दोन पावले डावीकडे, दोन उजवीकडे. शेवटी जोडी उडालीच.

"मॅडम, तुमी कायले उभ्या झाल्या?" मी दातओठ खात विचारले.

"एकाच जागेवरून काय दिसते, सर? तिकडच्या बाजूनं पाहून राहिली होती मी."

मी त्यांना जीपमध्ये जाऊन बसायला सांगितले. मोजणाऱ्यांच्या नावांत त्या सकाळी त्यांचे नाव लागले नाही. माझा निर्णय बरोबर होता, हे मी आजही म्हणतो. पण मॅडमांचा तो प्रश्नही बरोबर होता, हे समजायला माझी निवृत्ती यावी लागली.

आता त्यांच्या साठीनिमित्तच्या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो आहे आणि मन थाऱ्यावर नाही. संपादक फोन करकरून थकले. लेख देईन हो, पण मॅडमांचे जे काम मला सांगायचे आहे, त्याचा निकालच अजून लागायचा आहे. परदेशातले एक दुकान आहे, इंटरनेटवर गेम विकणारे. त्यांचे उत्तर यायचे आहे. 'हो' आले तर आमच्या एका विद्यार्थिनीने, निशाने, बनवलेला खेळ तिच्या स्वतःच्या गावात चालू राहील. 'नाही' आले तर तिथेच बंद पडेल. दर परिच्छेदानंतर मी फोन उघडून पाहतो आहे, तेव्हा लेखाचा घाट थोडा वाकडातिकडा झाला तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मॅडमांनी महाविद्यालयात केलेले पहिले मोठे काम म्हणजे भंगारात निघालेली संगणक प्रयोगशाळा त्यांनी वाचवली. यंत्रे जुनी होती. विंडोजची नवी आवृत्ती त्यांच्यावर चढेना. संस्थेचे पदाधिकारी लिलावाची भाषा बोलू लागले होते. मॅडमांनी एका सुट्टीत त्या सगळ्या यंत्रांवर लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली बसवली आणि सुट्टी संपल्यावर संगणक सुरू होऊन मुलांची वाट पाहत होते. नंतर गावोगावच्या वाचनालयांतली जुनी यंत्रेही त्यांनी अशीच उभी केली. देवरीच्या बसमध्ये मांडीवर संगणकाचा डबा घेऊन बसलेल्या मॅडम अनेकांनी पाहिल्या असतील.

लिनक्स आले आणि मुलांचा पहिला प्रश्न आला: "मॅडम, याच्यावर गेम चालते का?" दुसऱ्या कुणी या प्रश्नावर दटावले असते. मॅडम म्हणाल्या, "पाहू." कारण त्या स्वतः गेम खेळतात. हे स्टाफरूममध्ये कळले तेव्हा ज्या भुवया वर गेल्या, त्यांत माझी सर्वांत वर होती.

माझ्यासारख्या अडाण्यांसाठी थोडे सांगतो. या दुकानांत प्रत्येक खेळाखाली बारकी चिन्हे असतात. तो कोणत्या प्रणालीवर चालतो, ते त्यावरून कळते. विंडोजचे चिन्ह बहुतेक ठिकाणी असतेच. लिनक्सचा पेंग्विन क्वचित दिसतो. आमची पोरे त्याला बदक म्हणतात. बदक दिसले की आनंद, पण तोही भरवशाचा नाही. मॅडमांनी एकदा रेल्वेचे रूळ टाकण्याचा एक खेळ बदक पाहून विकत घेतला आणि पुढची सुधारणा आल्यावर तो उघडेनासा झाला. त्यांनी तक्रार लिहिली. उत्तर आले की आपण विंडोज वापरून पाहावे.

"चप्पल पायाले लागली तं दुकानदार म्हन्ते, पाय बदलून या," मॅडम स्टाफरूममध्ये म्हणाल्या. हसून झाल्यावर त्यांनी बसून दुसरे पत्र लिहिले: कोणत्या ठिकाणी खेळ अडतो, यंत्र काय संदेश देते, काय केले की थोडा पुढे जातो. काही दिवसांनी खेळ दुरुस्त होऊन आला. मॅडमांनी लगेच आभाराचे पत्र धाडले. तक्रार लिहिणारे पुष्कळ असतात. आभाराचे पत्र लिहिणाऱ्या मी ओळखतो त्या एकट्या मॅडमच.

आणि हे सगळे विकतच्या खेळांसाठी. गोंदियाच्या बाजारात हवा तो खेळ चोरून पेनड्राइव्हमध्ये भरून देणारे कमी नाहीत. असा एक जण कॉलेजच्या फाटकाशीच येऊन म्हणाला, "मॅडमजी, सब फ्री में डाल देता हूँ." मॅडमांनी त्याला चहा पाजला आणि नाही म्हणाल्या. मी कारण विचारले. "फुकटचं घेतलं, सर, तं मंग तक्रार कोन्या तोंडानं करायची?" त्यांच्या साऱ्या तत्त्वज्ञानाला मला एवढे एक वाक्य पुरते.

मॅडमांचे माझ्यावरचे ऋण वेगळे आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मला पडून राहायला सांगितले होते. मी बोदलकसा तलावाकाठी वाढलेला माणूस. गळ टाकून बसणे एवढी एकच गोष्ट मला स्वस्थ ठेवते आणि तीच बंद झाली होती. मी घरच्यांवर खेकसत होतो, पंख्यावर खेकसत होतो. एका दुपारी मॅडम दारात उभ्या, हातात जुना लॅपटॉप. "सर, यात मासे पकडायचा खेळ हाये. बदकवाला हाये, बिनधास्त खेळा." मी म्हणालो, हे पोरखेळ माझ्याकडून व्हायचे नाहीत. त्या लॅपटॉप उशाशी ठेवून गेल्या. संध्याकाळी मी एक मासा पकडला. माझी पत्नी म्हणते, त्या दिवसापासून घरात शांतता आली. मला त्या दिवसांत जगण्याचा कंटाळा आला होता आणि मॅडमांनी तो घालवला. हे तोंडावर त्यांना कधी सांगता आले नाही, म्हणून इथे छापून सांगतो.

फोन पाहिला. काही नाही.

आता निशा. निशा मॅडमांची विद्यार्थिनी, चिचगडची. घरी थोडे धान, बाकी जंगल. मॅडमांनी उभ्या केलेल्या एका जुन्या यंत्रावर, म्हणजे अर्थात लिनक्सवर, ती गेम बनवायला शिकली आणि गावातच राहून तिने एक खेळ बनवला. पहाटे टोपली घेऊन मोहफुले वेचायला निघायचे, अस्वलाच्या वाटेत यायचे नाही आणि ऊन चढायच्या आत घरी पोचायचे, असा तो खेळ. मी खेळलो आहे. अस्वलाने मला पुन्हा पुन्हा गाठले. निशाची आई मात्र गावच्या वाचनालयातल्या यंत्रावर तो रोज खेळते आणि "अस्वल असं नाई येत, ते वाऱ्याच्या अंगानं येते," अशा चुका काढते. त्या चुका सुधारून निशा आता खेळाचा दुसरा भाग करते आहे, पावसाळ्यातल्या जंगलाचा.

तिने खेळ त्या परदेशी दुकानात ठेवला, विंडोजसाठी आणि लिनक्ससाठीही. आणि मग या वर्षी दुकानाचे पत्र आले. आपल्या खेळाच्या लिनक्स आवृत्तीवर आम्हाला कोणी खेळाडू दिसत नाहीत, ज्या आवृत्त्यांवर खेळाडू नाहीत त्या आम्ही काढून टाकत आहोत, आपली विंडोज आवृत्ती राहील, असे.

निशा मॅडमांच्या घरी आली तेव्हा मी तिथेच होतो. पोरीचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, दुसरा भाग कोनासाठी बनवून राहिली मी? माझी माय खेळते त्या कॉम्प्युटरवरच नाई येनार तो."

"कोनी खेळत नाई म्हन्ते? चिचगडचं वाचनालय भरून रायते नं?"

"भरून रायते, पन त्यायले दिसत नाई."

काऊन दिसत नाही? मॅडम घरभर फिरू लागल्या. चहाचा कप हातात, तोही गार झालेला. मग एकाएकी थांबल्या आणि कपाळावर हात मारून खाली बसल्या.

चूक त्यांच्याच शिकवणीत होती. आमच्याकडे जंगलपट्ट्यात इंटरनेट येते तसे जाते. खेळ उघडताना दुकानाचे ॲप आधी इंटरनेट शोधते, ते अर्धवट मिळाले की लिनक्सवर तिथेच अडून बसते; नेट मुळीच नसेल तर मात्र खेळ थेट उघडते. म्हणून मॅडमांनी प्रत्येक गावात पहिला धडा हाच दिला होता: एकदा आपल्या खात्यावर खेळ उतरवून घ्या, मग नेट बंद करा, मग खेळा. डेटाही वाचतो. सगळ्यांनी तो धडा इमानेइतबारे गिरवला. त्यामुळे चिचगडला गर्दी आणि एकाच जागेवरून पाहणाऱ्या दुकानाच्या लेखी शुकशुकाट.

दुसरीही एक गफलत होती. जे थोडे नेटवर खेळत, त्यांतले काही जण विंडोजची आवृत्ती घेऊन ती मधल्या दुभाष्या प्रोग्राममार्फत लिनक्सवर चालवत आणि दुकान त्यांना विंडोजवाले समजे. घरी पोवारी बोलणारा माणूस कचेरीत हिंदीत बोलला, म्हणून साहेबाने त्याची भाषा हिंदी लिहून टाकावी, तसे झाले.

"माझीच शिकवन आडवी आली," मॅडम म्हणाल्या. मी धीर द्यायला काहीतरी बोलणार होतो, पण त्या उठल्या होत्या. "सर, तुमचे सारस एकाच सकाळी मोजता नं तुमी?"

"हव."

"काऊन?"

"म्हणजे साऱ्या तलावांवरची पाखरं एकाच वेळी दिसतात, दोनदा मोजल्या जात नाई."

"मंग आपन एकाच सकाळी दिसू. साऱ्यायनं नेट चालू करायचं, बदकवाल्या आवृत्तीवर बसायचं, अन् उठायचं नाई."

त्यांनी रविवारची सकाळ ठरवली. पुढचे दिवस त्यांचा फोन कानापासून सुटला नाही. दुकानाला त्यांनी आणि निशाने आधीच पत्र लिहून कळवले की आमचे खेळाडू बिननेटचे आहेत, अमुक सकाळी पाहा. यात लपवाछपवी नव्हती. खोटी खाती उघडण्याचा सल्ला एकाने दिला, तेव्हा मॅडमांनी त्याला पुन्हा फोन केला नाही. जो खेळतो तोच मोजला जाईल, असा त्यांचा नियम होता.

त्या सकाळी मी गोंदियाला माझ्या टेबलाशी बसलो होतो. चिचगडला वाचनालय उजाडताच उघडले. यंत्रे कमी पडली म्हणून पोरांनी घरचे लॅपटॉप आणले. इटियाडोह धरणाकडच्या मुलांना गावात नेट मिळेना, ती धरणाच्या भिंतीवर जाऊन बसली. पुण्या-नागपुरात नोकरीला असलेले जुने विद्यार्थी तिकडूनच नेटवर आले. निशाची आई पहिल्या खुर्चीवर होती, असे नंतर कळले. आणि मॅडम? मॅडमांचा मला तेवढ्या वेळात कितीदा तरी फोन आला. "सर, बसले आहा नं? उठू नका." मोजणीच्या धुऱ्यावर असेच काहीसे मी कुणाला सुनावले होते, ते आठवून मला हसू आले आणि तेवढ्यात अस्वलाने गाठले.

त्याला आता बरेच दिवस झाले. दुकान गप्प आहे. मॅडमांचे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी कमी चालायला सांगितले आहे आणि त्या उत्तराची वाट पाहत अंगणात येरझारा घालतात. मी रागावतो. त्या म्हणतात, "बसली तं जास्त दुखते, सर."

इथवर लिहिले आणि फोन वाजला. संपादक असतील म्हणून मी त्रासिकच आवाजात "हॅलो" म्हणालो. निशा होती. उत्तर आले आहे. तिने वाचून दाखवले: आपल्या खेळाचे लिनक्सवरचे खेळाडू आम्हाला दिसले. ही आवृत्ती आम्ही एक वर्ष ठेवत आहोत. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू.

माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला संकोच नाही. पण स्वभावाला औषध नाही, म्हणून मी चिडलोही. एकच वर्ष?

"मॅडम म्हनाल्या, बरं झालं," निशा सांगत होती. "सारसबी तं दरवर्षी मोजतात म्हने."

मग ती जरा घुटमळली. त्या सकाळी कोण कोण खेळत होते, ते तिला दुकानाच्या पानावर ओळखीच्या नावांसकट दिसत होते. चिचगडचे सगळे होते. धरणावरचे होते. मीही होतो.

"अन् मॅडम?" मी विचारले.

"मॅडम नव्हत्या, सर. त्या साऱ्यायले फोन लावत फिरत होत्या. त्यायचं बसनंच झालं नाई."

ज्यांनी सगळ्यांना मोजणीत आणले, त्या स्वतः मोजणीत नाहीत. धुऱ्यावरच्या यादीतही नव्हत्या, इथेही नाहीत.

तेव्हा साठीच्या या प्रसंगी माझे मागणे असे. पुढच्या वर्षी मोजणी आहे, त्याच्या पुढच्या वर्षीही आहे, आणि दुकानाच्या बोलण्यावरून दिसते की ती दरवर्षीच राहणार आहे. त्या प्रत्येक सकाळी मॅडम हव्यात, धडधाकट पायांच्या, निरोगी, आणि माझ्यावर ओरडण्याइतक्या ताकदीच्या. मात्र पुढच्या वेळी सगळ्यांना फोन मी लावीन. मॅडमांनी लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसायचे. मागे एकदा मी त्यांना उठवून पाठवले होते. या वेळी त्या मोजल्या जाईपर्यंत मी त्यांना उठू देणार नाही.