पोलंडच्या जावयाचा रुसवा

२४ मे, रविवार. सकाळी पुरण वाटत होते. आमचा पोलंडचा जावई धोंडे आवडीनं खातो, असं मी घाटनांदूरभर सांगून ठेवलं होतं. त्याला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

माझी पिठाची गिरणी आहे, त्यामुळे मी एकीला सांगितलेलं दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळतं. रेणुका शिकायला पोलंडला गेली, तिथंच नोकरी धरली आणि टोमाशशी लग्न लावून मोकळी झाली. जावई पहिल्यांदाच सासुरवाडीला आला, तोही अधिक महिन्यात आणि बीड जिल्ह्याच्या उन्हात. आल्यापासून तो टोमॅटोसारखा लाल होता. लोक म्हणायचे, रंग लई पक्का हाय.

अडचण एकच होती. माझे मोठे दीर आबा भिंतीपलीकडे राहतात, पण या लग्नापासून त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. धोंड्याच्या पंगतीला तरी आबांनी यावं म्हणून आमच्या ह्यांचा जीव तुटत होता. निरोप धाडला तर उत्तर आलं, "पोट बिघडलंय." जाऊबाई भिंतीवरून हळूच म्हणाल्या, "पोट ठणठणीत हाय. डोस्कं बिघडलंय."

तेवढ्यात शेजारच्या कौसल्याकाकू पुरणाची चव बघायला आल्या (तीनदा बघितली) आणि म्हणाल्या, "जावयाचा रुसवा झाला का गं?"

"तिकडं कुठला रुसवा? सह्या केल्या आन् झालं."

"मंग लगीन अर्धंच की. नवरदेव रुसला न्हाई, सासऱ्यानं काय दिलं न्हाई, तर लोकाला कळावं कसं?"

मला अर्धं काम चालत नाही. मी जावयाला बोलावलं आणि रेणुकाला मध्ये घालून शिकवणी घेतली. "ताटावर बसायचं. घासाला हात लावायचा नाही. कोणी काहीही दिलं तरी 'नको' म्हणून मान हलवायची. घरातलं वयानं सगळ्यात मोठं माणूस 'जेवा' म्हणेल, तेव्हाच जेवायचं." आमचे हे अंगठी देऊन तसं म्हणणार होते. जावयानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. माझं बोलणं इतकं लक्ष देऊन ऐकणारा पुरुष मी पहिल्यांदाच बघत होते.

पंगत बसली. भावकी जमली होती. जावयानं हाताची घडी घातली. ह्यांनी अंगठी पुढं केली. "जेवा, जावईबापू."

जावयानं मान हलवली. सगळे खूश.

"घड्याळ बी घ्या."

मान हलली. काकू म्हणाल्या, "गाडी मागतंय."

ह्यांनी खिशातून किल्ली काढून ताटाशेजारी ठेवली. माझ्या स्कूटीची! मला विचारलंसुद्धा नाही. जावयानं ती अदबीनं परत सरकवली. आता लोक हसायचे थांबले. जावयानं घास घेतल्याशिवाय बाकीच्यांना खाता येईना. तूप वाढलेले धोंडे नुसते बघत भावकी बसली होती. चुलतदीर पाटावर पेंगायला लागले. कोणीतरी मागून म्हणालं, "मळा द्या बे मळा, भूक लागली." आमचे हे उन्हानं आणि मानापमानानं इतके तापले होते की म्हणाले, "विहिरीजवळचा तुकडा देतो."

मी रेणुकाला कोपऱ्यात ओढलं. "काय पायजे त्याला? पोलंडात जमिनी न्हाईत व्हय?"

तिनं विचारलं आणि चेहरा पाडून परत आली. "आई, तो म्हणतो सगळ्यात मोठे अजून आलेच नाहीत."

"बाप बसलाय की समोर."

"आबा मोठे आहेत ना. काल मीच त्याला सगळ्यांची वयं सांगितली."

आबांना मी घरात धरणंच सोडलं होतं. "त्याला सांग, खेळ होता. जेव म्हणावं."

"सांगितलं. तो म्हणतो, नियम आईंनी घातलाय, तो मोडणार नाही."

ह्यांनी मान खाली घातली. "मी न्हाई जायचो त्याच्याकडं."

म्हणून मी गेले. आबा बाजेवर बसले होते.

"आबा, जावई रुसलाय."

"रुसू दे. मला कशाला सांगतीस?"

"तुमी म्हनल्याबिगर जेवत न्हाई. घरात तुमी मोठे म्हनून. मळा देऊ केला, तरी ऐकंना."

"मळा?" आबा ताडकन उठले. "कोनता मळा?"

"विहिरीजवळचा."

"येडा झाला का माझा भाऊ? टोपी दे माझी."

आबा आले. आधी ह्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं, मग जावयाकडे वळले. जावई उठून उभा राहिला. घामानं निथळत होता, भुकेनं डोळे खोल गेले होते, पण घडी सोडली नव्हती. आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय पायजे?"

जावयानं पाठ केलेलं मराठी काढलं. "तुमी म्हना, जेवा."

आबांच्या मिशा हलल्या. "आरं जेव की बे."

पेंगणारे चुलतदीर खाडकन जागे झाले. जावयाला कोणी बे म्हणत नाही. बे म्हणतात ते घरातल्या पोराला. आबा त्याच्या शेजारच्या पाटावर बसले आणि जावयानं असे धोंडे हाणले, की मी गावभर सांगितलेलं खरं ठरलं. आबांनीही दोनदा मागून घेतले. वर म्हणाले, "जायफळ कमी हाय." मी उलट बोलले नाही. असं क्वचितच होतं.

"लई डोकं लावलंस गं," कौसल्याकाकू हात धुताना म्हणाल्या. "कसं बरोबर आनलंस आबाला." मी नुसती हसले. खरं सांगायची काही गरज नव्हती.

रुसण्यात एवढी ताकद आहे हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीही चहा न टाकता ओट्याशेजारी हाताची घडी घालून बसले. हे आले. गॅसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सिलिंडर संपला व्हय?"

मी जावयासारखी 'नाही' म्हणून मान हलवली. मग ते जावयाला घेऊन आबांकडे चहाला गेले. भिंतीपलीकडून तिघांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी अजून थोडा वेळ रुसून बघितलं. शेवटी बायका डबे घेऊन दारात ओरडायला लागल्या, तेव्हा उठले आणि गिरणी चालू केली.