आत्याबाईंच्या हातची थायरॉईडची गोळी

वीसेक वर्षांपूर्वी एका सकाळी मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आखाडा बाळापूरच्या स्टँडवर नांदेडच्या एसटीसाठी उभ्या होतो... म्हणजे त्या उभ्या, मी पिशवीवर टेकलेली.

थायरॉईडचं दुखणं निघून वर्ष होत आलं होतं. गोळी रोज चालू, डोस वाढवलेला, तरी रिपोर्ट काही हलेना. केस गळायचे, तोंड सुजायचं, भाकरी थापता थापता डोळे मिटायचे. त्यात शरीरातला लोहाचा साठा पार तळाला गेलेला, म्हणून रक्तवाढीची गोळीही सुरू होती.

घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं, ही कामचुकार आहे. जाऊबाई तर तोंडावर म्हणायच्या. नवराही हल्ली काही बोलायचा नाही, आणि तेच मला जास्त लागायचं. एकट्या आत्याबाई माझ्या बाजूनं... लेकरू सोंग न्हाई करून राहिलं, असं सगळ्यांना ठणकावून सांगायच्या.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी अँटीबॉडीचा रिपोर्ट समजावला. शरीरच आपल्या थायरॉईडला परकं समजून त्याच्यावर उठलंय म्हणाल्या. मग विचारलं, गोळ्या घेता कशा?

आत्याबाईंनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. सकाळी उठल्या उठल्या दोन्ही गोळ्या मीच देते, विसर पडू नये म्हणून एकदमच. नुसत्या पाण्यानं मळमळतं, म्हणून गरम चहासंगं.

बाई रागावल्या नाहीत. रक्तवाढीची गोळी थायरॉईडच्या गोळीला अंगी लागू देत नाही, आणि चहा दोन्हींच्या आड येतो, एवढं शांतपणे सांगितलं. थायरॉईडची उपाशीपोटी पाण्यासोबत, चहा मागाहून, रक्तवाढीची थेट दुपारी.

परतीच्या गाडीत आत्याबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. वाटेतलं वारंगा गाव मागं पडलं. मग हळूच म्हणाल्या, "इतके दिस मीच तुला उठू दिलं न्हाई, व्हय... आता तुझ्या तू घेत जाय गोळ्या."

घरात माझं खरं मानणारं एकच माणूस होतं, आणि तेच मागं सरत होतं.

मी म्हटलं, "न्हाई आत्याबाई. तुमच्याच हातानं द्या."

पुढे हळूहळू रिपोर्ट सुधारला, अंगात ताकद आली. अँटीबॉडी राहिल्याच, गोळी आजही चालू आहे.

बरी झाले ती औषधानं. पण तोवर तगले ती आत्याबाईंमुळे.