पोटात पाणी असलेली बोट

बोटीच्या तळाचं बूच काढून पाणी सोडायला मी विसरलो होतो, आणि वर "कालच सोडलंय" असं ठोकून दिलं.

खालापूरजवळच्या तळ्यावर आमची एक जुनी बोट असते. वर्षातून चारदा मी ती चालवतो, उरलेले दिवस तिच्याबद्दल बोलतो. पावसाळ्याआधी सगळ्या बोटी उचलून काठावर ठेवतात. ते काम खोपोलीचा एक क्रेनवाला करायचा. पट्टे अडकवण्याआधी तो प्रत्येक बोटीला कलिंगडासारख्या टिचक्या मारून कान लावायचा.

गेल्या वर्षी माझ्या बोटीपाशी तो थांबला. "सायेब, हिच्या पोटात पानी हाय."

"नाही हो, कालच सोडलंय. उचला."

"तुमी म्हणताय तर उचलतो."

बोट वर गेली आणि पाण्याच्या भाराने तळाला हातभर भेग पडली. भेगेतून धो धो पाणी कोसळलं. तळ्यावरच्या बोट क्लबचा मॅनेजर धावत येऊन क्रेनवाल्यावरच ओरडला. क्रेनवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, फडका खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "माजंच चुकलं. उचलायला नको होती."

मॅनेजरने कागदावर 'क्रेनचालकाचा हलगर्जीपणा' असं लिहिलं. खाली मी सही केली.

यंदा क्रेनवर दुसराच माणूस आहे. तो टिचक्या मारत नाही.

परवा हे सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्याने तुमचं नाव घेतलं नाही. आणि तुम्ही वर्षभर मला बोटीचीच हळहळ ऐकवलीत."