मागं ऐंशी, म्होरं पंच्याहत्तर

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दाब म्हणजे काय, हे आठवीच्या पोरांना फळ्यावर आकृती काढून सांगतो आणि उत्तर चुकलं की खडू फेकून मारतो. असं असूनही स्वतःच्या सायकलीत हवा किती भरायची, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कळलं नव्हतं. ते कळायला आधी गळ्याजवळचं हाड मोडावं लागलं आणि मग बायकोपुढं गप्प बसावं लागलं. दोन्हींतलं अवघड काय होतं, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

सायकल रेसची. लातूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनी घेतली होती. हँडल खाली वळलेलं आणि टायर बोटभर जाडीचे. टायरच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेलं, हवा जास्तीत जास्त एकशे वीस पौंड. मी म्हटलं, बनवणाऱ्यानंच लिहिलंय, तर भरा एकशे वीस. पण खरं सांगायचं तर छापलेलं नसतं तरी मी टणकच भरली असती. माझं लहानपण कडा गावाकडं गेलं. वडील टायरगाडीतून, म्हणजे रबरी चाकांच्या बैलगाडीतून, कारखान्यावर ऊस टाकायचे. मोळ्या चढवायच्या आधी ते चाकावर टाच मारून बघायचे. टाच उसळून मागं आली की हवा बरोबर. जरा दबली की त्यांचं डोकं फिरायचं, कारण मऊ चाक ओढताना बैलांचे हाल व्हायचे. टणक चाक म्हणजे चांगलं चाक, हे तेव्हापासून आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मीही सकाळी सायकल बाहेर काढली की आधी तिला एक टाच हाणायचो.

आठ महिने तशीच चालवली. धारूरच्या आसपास डांबरातली खडी वर आलेली असते. तिच्यावरून जाताना हातांना मुंग्या यायच्या, दातावर दात आपटायचे, घरी आल्यावर चहाचा कप नीट धरता यायचा नाही. मला वाटलं, वय झालं. चाकाची चूक असेल हे मनातसुद्धा आलं नाही. आणि एवढा त्रास होऊनही मी रोज जायचो. मी लई तापट माणूस आहे. चहा कोमट आला तरी माझा आवाज चढतो. पण दीड तास सायकल मारून आलो की दिवसभर मी बऱ्यापैकी माणसात असायचो. हे माझं मत नाही, बायकोचं आहे.

मग एका सकाळी घाट उतरताना वळणावर कच पसरलेली होती. पुढचं चाक खड्यांवरून टप्पे खात बाजूला सरकलं आणि मी आडवा. मागून येणाऱ्या दूधवाल्यानं मला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात आणलं. हासळीचं हाड मोडलं होतं.

बायको दवाखान्यात आली, कागदांवर सह्या केल्या, गोळ्या आणल्या. घरी आल्यावर तिनं सायकल एकटीनं उचलून पोटमाळ्यावर चढवली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"परत ह्या सायकलवर बसलात, तर त्या दिवशी मी जेवणार न्हाई. सांगून ठेवते."

दुसऱ्या कुणाचं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण ही घाटनांदूरची, बोलली की करून दाखवणारी. एकदा चहावरून मी तिला टाकून बोललो होतो, तेव्हा तिनं चहा सोडला. त्याला अकरा वर्षं झाली, अजून घोट घेतलेला नाही.

हाड दोन महिन्यांत जुळलं. मी मात्र बिघडत गेलो. वर्गात पोरांवर ओरडायचो, घरी भिंतींवर. एकदा भाजी खारट झाली म्हणून ताट सरकवून उठलो. तिनं ते उचललं. मला माझीच लाज वाटत होती, पण तोंडाला लगाम बसत नव्हता. सायकल हवी होती, आणि ती मागायची कोणत्या तोंडानं, हे कळत नव्हतं.

बायको अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. बावीस वर्षं ती स्कूटरवर डोंगरातल्या वस्त्या आणि तांडे फिरते. दिवाळीच्या सुट्टीत एके दिवशी तिला एका वस्तीवर नवा वजनकाटा पोचवायचा होता. तो धरायला माणूस पाहिजे, म्हणून मला मागं बसवलं. निघताना ती पंक्चरच्या दुकानापाशी थांबली आणि मागं सात वाढवा, म्होरं हाय तेवढीच ठेवा, असं सांगितलं. त्या माणसानं सवयीनं पुढंही टणक केली. तिनं लगेच सोडायला लावली. मी विचारलं, कावून? तर ती रस्त्याकडं बघत सांगत गेली, की मागं ओझं वाढलं तर मागं हवा वाढवायची. पुढचं चाक जास्त टणक असलं की कचीवर उड्या मारतं, रस्ता धरत नाही. जरा दबलं तरच धरतं. आणि सगळ्यांना एकच हवा कशी चालेल, बसणारा माणूस किती वजनाचा, त्यावर ते असतं.

बावीस वर्षांत ही बाई एकदाही पडलेली नव्हती. आणि दाब शिकवणारा मास्तर मांडीवर वजनकाटा घेऊन तिच्या मागं बसला होता.

वस्तीवर काटा मांडल्यावर तिनं सगळ्यांच्या आधी मलाच त्याच्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी भरलो. तिथल्या बाया पदरात हसल्या. ती हसली नाही. तिनं आकडा दोनदा बघितला.

परतताना मी मागून विचारलं, की माझ्या सायकलीत किती भरायला पाहिजे होती. तिनं ऐकलं नसल्यासारखं केलं. मी पुन्हा विचारलं नाही. आठ दिवस घरात कुणी सायकलीचं नाव काढलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, खाली काढा ती. अंगणात भिंतीला हात टेकवून मला सायकलीवर बसायला लावलं आणि स्वतः मागं उकिडवी बसून चाक बघायला लागली. एकशे वीसला ते तसूभरही दबत नव्हतं. तिनं थोडी हवा सोडली, मला परत बसवलं, पुन्हा सोडली. पंपाचा काटा शंभरावर आला, नव्वदावर आला. मध्येच मला राहवलं नाही, पुस्तकातलं काहीतरी सांगायला गेलो. तिनं वर बघितलं आणि मी गप्प झालो. ऐंशीला मी बसल्यावर चाक खाली दिसेल न दिसेल इतकं पसरलं. तिनं अंगठ्यानं दाबून बघितलं, मग पुढचंही तसंच बघत त्याहून जरा मऊ केलं आणि हात धुवायला निघून गेली.

सायकल मात्र अंगणातच राहिली. मी रोज तिला फडकं मारायचो आणि आत यायचो.

पुढच्या रविवारी मी असाच फडकं घेऊन उभा होतो. ती स्वयंपाकघरात पीठ मळत होती. तिनं मान वळवली नाही.

"मागं ऐंशी, म्होरं पंच्याहत्तर. त्याच्या वर न्हाई."

मी तिला तिच्या बोलण्याची आठवण करून दिली, जेवणार नाही म्हणाली होतीस त्याची.

"मग? तुमी येईपर्यंत न्हाईच जेवणार."

मी निघालो. त्याच रस्त्यावर तीच खडी होती, पण चाक तिच्यावरून गुरगुरत जात होतं, आदळत नव्हतं. हातांना मुंग्या आल्या नाहीत. आठ महिने मी उगाच स्वतःला धोपटून घेतलं होतं, आणि ह्या वेळी राग काढायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. घाटाच्या माथ्यावर आलो तेव्हा समोर उतार मोकळा होता. आधी मी इथं ब्रेक सोडून द्यायचो. त्या दिवशी दोन्ही ब्रेक धरले. ते वळण तर मी इतक्या हळू काढलं की मागच्या टेम्पोवाल्यानं वैतागून हॉर्न वाजवला. वाजव बाबा, म्हटलं. चाक कचीवरून सरळ गेलं.

घरी आलो तर ती दारातच उभी होती. माझ्याकडं बघितलंच नाही. वाकून मागचं चाक अंगठ्यानं दाबलं, मग पुढचं. मग आत जाऊन दोन ताटं वाढली. मी पहिला घास घेतल्यावर तिनं घेतला, आणि त्या दिवशी तिनं रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली.

आता मी रोज जातो. रोज आठच्या आत घरी येतो. साडेआठला तिला निघायचं असतं, आणि तिनं उपाशी पोटी वस्त्यांवर फिरावं, हे मला चालणार नाही.