तीनअक्षरी मामा

माझा मामा अरबी शिकवायचा आणि मला तो डोळ्यांसमोर नको असायचा. हे आधीच सांगून टाकते, उगाच गोड बोलायची मला सवय नाही.

टायरच्या दुकानावर त्याचा वर्ग होता. जिन्यात रबराचा वास कोंडलेला, मामाचा शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. अरबीत एकेका मुळातून शब्दांचं कुटुंब निघतं. म्हणून तो आधी फळ्यावर मुळाची तीन अक्षरं लिहायचा आणि मग त्यांतून शब्द काढत बसायचा. मुलं त्याला तीनअक्षरी म्हणत. कुणी चुकलं की चारचौघांत त्याची अब्रू काढायचा. आईने ट्रकड्रायव्हरशी लग्न केलं तेव्हापासून त्याने तिचं नाव टाकलं होतं. आणि ही मुळं लहानपणी बोटांवर मोजून त्यानेच तिला शिकवली होती! तिने मला.

आई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी हात टेकले. तिचं एकच टुमणं, "दादाला एकदा बघू दे गं." शेवटी मी नाक मुठीत धरून तो जिना चढले.

फळ्यावर र, ह, म. मी दारातच थांबले.

"रहिम म्हणजे गर्भाशय," मामा सांगत होता. "त्यावरूनच रक्ताचं नातं. रहमत म्हणजे दया. रहीम, दयाळू. सगळे एकाच पोटचे. अजून एक कोण सांगतो? की डोकी घरी ठेवून आलात?"

मुलांनी वह्यांत डोकी खुपसली.

"मरहूम," मी म्हणाले.

"शाब्बास! अर्थ?" म्हणत त्याने मान वळवली आणि मला ओळखलं.

"ज्याच्यावर दया झाली तो. माणूस गेल्यावर म्हणतात. आईला तसं म्हणायची वेळ अजून आली नाही, मामा. आज चला."

त्याचा चेहरा उतरला. वाटलं, येतोय. पण त्याने डस्टर उचललं.

"घरची भांडणं वर्गात नकोत. जाताना दार लावून घे."

आईने उशी दाराच्या बाजूला लावून घेतली होती. तशीच ती गेली.

सगळं आटोपल्यावर तो आला. तोच इस्त्रीचा शर्ट. चपला काढत, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मरहूमा स्वभावाने फार..."

"दया कुणी केली तिच्यावर, मामा?" मी विचारलं. "तुम्ही तर नाही."

आयुष्यभर दुसऱ्यांना अर्थ विचारणारा माणूस मान खाली घालून पायाने चपला चाचपू लागला. मी दार लावून घेतलं.