पिवळ्याजर्द लाडवांशी भांडणाऱ्या वसुधाबाई

डॉ. वसुधाबाईंची माझी पहिली ओळख त्यांच्या वैतागातूनच झाली. डॉक्टर होऊन मी डिचोलीहून पेडण्याला त्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून रुजू झाले, तेव्हा बाई हरमलच्या एका मुलीची हिरवीगार जीभ तपासत होत्या. आई शपथेवर सांगत होती, "बाहेरचां कायच खायना ती!" बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "या. ह्यांच्या घरी गवत शिजतं वाटतं!"

मुलीचं पोट सारखं दुखायचं, मधूनच जुलाब व्हायचे. शाळेबाहेरचा रंगीत बर्फगोळा बाईंनी बंद करवला आणि दुखणं थांबलं. "सगळ्यांनाच रंग बाधतो असं नाही," त्या म्हणाल्या, "पण हिला बाधतो. अगोदर विचारायचं, मग औषध लिहायचं." माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी एकाच सकाळी बरीच मुलं ओकत आली. सगळ्यांनी बसस्टँडजवळच्या रामनाथांचे पिवळेजर्द लाडू खाल्ले होते. मुलांना सलाईन लावून, नर्सला बसवून, बाई मला घेऊन थेट दुकानात गेल्या. फळीवर कापड रंगवायच्या रंगाची पुडी उघडी होती.

"डाक्टरीणबाय, रंग नाय घातलो तर लाडवांकडे कोण बघूचो नाय," रामनाथ म्हणाले.

"तुमच्या नातीला द्या बघू ह्यातला एक."

रामनाथ हळूच म्हणाले, "तिका नको. तिचां पोट बिघाडता."

"मग लोकांच्या नातवंडांची पोटं काय पत्र्याची आहेत?"

रामनाथांनी पुडी पुन्हा वापरू नये म्हणून बाईंनी ती स्वतःच ताब्यात घेतली. लाडू फिके झाले, आणि गाव बाईंवरच उखडलं. एक शाळामास्तरीण तावातावाने आल्या: "असले मेलेले लाडू सोयऱ्यांपुढे कसे ठेवूचे?" मी चिडले. बाई माझ्याहून जास्त चिडल्या, पण रामनाथांचं दुकान बसू नये म्हणून तेच फिके लाडू त्यांनी दवाखान्यात आणून ठेवले. येणाऱ्याजाणाऱ्याला एकेक द्यायच्या. तपासणीला आलेला माणूस खाऊनच बाहेर पडायचा, आणि मग परतताना रामनाथांकडे डोकवायचा. दुकान टिकलं. आज ते त्यांची नात चालवते, रंगाशिवाय.

पण वैताग संपलेला नाही. परवा बाईंच्या पंचाहत्तरीच्या ह्याच सत्कारासाठी आमच्या समितीने तिरंगी बर्फी ठरवली. बाईंचा फोन आला: "सत्कार माझा आहे, की रंगाच्या डब्याचा?" अध्यक्ष म्हणाले, "पण बाई, फोटोत बरी दिसतली!" कपाळावर हात मारण्यावाचून मी काय करणार? बर्फी रद्द केली. अध्यक्ष अजून माझ्याशी बोलत नाहीत.

पंचाहत्तरी गाठलेल्या बाईंना ठणठणीत तब्येत आणि उदंड आयुष्य लाभो. पोरांची पोटं सुखरूप आहेत म्हणून एखादी चवथ त्यांना न रागावता, पाय पसरून, चवीने जेवता येवो. तोवर त्यांचा आवाज असाच चढा राहो. आम्हांला अजून त्याची गरज आहे.